साठवलेले एल्क पॉइंट कधी नि कुठे खर्च करायचे: कोलोरॅडोच्या ड्रॉसाठी सविस्तर गाईड

मार्च उजाडला की ओळखीतल्या दोन-तीन मराठी घरांतून मला एकच प्रश्न येतो, "माझे 7 पॉइंट झालेत, आता लावू का अजून थांबू?" फोनवर दर वेळी तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढतोय. मी फोर्ट कॉलिन्सजवळ राहतो त्यामुळे मुख्य हिशोब कोलोरॅडोचा आहे, पण वायोमिंग नि अॅरिझोनात अर्ज भरणारे पण आपल्यात आहेत म्हणून तेही मध्ये थोडं येईल.

जे अगदी नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. एल्क म्हणजे मोठं हरीण, दिसायला आपल्या सांबराच्या वळणाचं पण नात्याने काश्मीरच्या हंगुलाला जास्त जवळचं, नर साधारण 300 किलोचा. (युरोपात एल्क म्हणतात ते वेगळं जनावर, त्याला इथे मूस म्हणतात, गुगल करताना गोंधळ होतो.) साताऱ्याहून आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला हे सगळं पटवून द्यायला मला बराच वेळ लागला, कारण आपल्याकडे 1972 च्या कायद्यापासून शिकार बंद आणि ते योग्यच आहे. इथली पद्धत वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोतले एल्क जवळपास संपले होते, मग यलोस्टोनच्या बाजूने आणून सोडले, आणि आज कोलोरॅडोत जगातला सगळ्यात मोठा एल्कचा कळप आहे, पावणेतीन-तीन लाखांच्या घरात. कुठल्या भागात किती जनावरं आहेत ते बघून दरवर्षी तेवढीच लायसन्सं काढली जातात नि त्या लायसन्सच्या पैशातूनच वन्यजीव खात्याचा मोठा खर्च चालतो. लायसन्सं कमी आणि मागणारे जास्त, म्हणून ड्रॉ, म्हणजे सोडत, आणि ड्रॉमध्ये रांग लावायला पॉइंट.

पॉइंट म्हणजे नक्की काय

कोलोरॅडोत तुम्ही पहिल्या चॉइसला एखादं लायसन्स मागितलं आणि लागलं नाही की एक प्रेफरन्स पॉइंट मिळतो. किंवा सरळ पहिल्या चॉइसला पॉइंटचा कोडच टाकायचा, ई-पी-999-99-पी, म्हणजे मला यावर्षी फक्त पॉइंट हवाय. ज्याचे पॉइंट जास्त त्याला आधी, सरळ रांग आहे, नशिबाचा भाग फक्त शेवटच्या पायरीवर, म्हणजे तितकेच पॉइंट असलेले 20 जण आहेत नि लायसन्सं 12 उरलीत तिथे. पहिल्या चॉइसचं लायसन्स लागलं की सगळे पॉइंट शून्य. 3 पॉइंटमध्ये मिळणाऱ्या युनिटला (शिकारीसाठी राज्याचे नंबर देऊन पाडलेले भाग, त्यातला एक) तुम्ही 9 घेऊन गेलात तरी 9 चे 9 जातात, उरलेले 6 परत मिळत नाहीत, हे अजून कित्येकांना माहीत नसतं.

आणि हे पॉइंट बँकेतल्या एफडीसारखे वाढत नाहीत. दरवर्षी पॉइंट एकाने वाढतो खरा पण त्याची किंमत दरवर्षी कमी होत जाते, कारण रांगेत येणारे वाढतात आणि लायसन्सं तेवढीच राहतात किंवा घटतात. याला इथे सगळे पॉइंट क्रीप म्हणतात. 2022-23 चा हिवाळा वायव्य कोलोरॅडोत फार वाईट गेला, एल्क खूप मेले, तर 2023 ला तिथली लायसन्सं एकदम कापली, मग जे लोक "पुढच्या वर्षी आपला नंबर" म्हणून बसले होते ते अजून मागे गेले. 2025 पासून बाहेरच्या राज्यातल्या लोकांना मिळणारं दुकानातून थेट घ्यायचं आर्चरीचं म्हणजे धनुष्यबाणाचं एल्क लायसन्स राज्याच्या पश्चिम भागात बंद झालं, म्हणजे जे लोक ड्रॉच्या वाटेला जायचेच नाहीत ते पण आता ड्रॉमध्ये. शिवाय ड्रॉची पद्धतच बदलायचं घाटतंय. नियम बदलला की तुमच्या 15 पॉइंटचा अर्थ पण बदलला. म्हणून माझं मत अगदी ठाम आहे, कारण नसताना पॉइंट धरून ठेवू नका. थांबायचं तर त्यामागे आकडेमोड पाहिजे.

मी स्वतः 6 वर्षं वायव्य कोपऱ्यातल्या एका मोठ्या युनिटच्या मागे होतो. पहिल्या वर्षी ते माझ्यापासून 11 पॉइंट लांब होतं आणि 6 वर्षांनी पण 11 च पॉइंट लांब होतं. तेव्हा पहिल्यांदा नीट बसून हिशोब केला नि लक्षात आलं की मी रांगेत पुढे सरकतच नव्हतो, रांग पण माझ्याबरोबरच चालत होती. त्या 6 वर्षांत माझे गुडघे मात्र 6 वर्षांनी म्हातारे झाले, त्याचं वाईट अजून वाटतं.

आधी ठरवा, तुम्हाला नक्की काय हवंय

बहुतेक जण इथे चुकतात. ते विचारतात "7 पॉइंटमध्ये सगळ्यात चांगलं युनिट कुठलं", आणि तो प्रश्नच मुळात उलटा आहे. आधी स्वतःला विचारा की तुमच्या डोळ्यांसमोर कुठली शिकार आहे.

सप्टेंबरच्या मध्यावर एल्कचा माज असतो, तेव्हा नर ओरडतात, त्याला बुगलिंग म्हणतात, पहाटे दरीतून तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. तो हवा असेल तर आर्चरी किंवा मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक). आर्चरी जवळजवळ अख्खा सप्टेंबर असते, मझललोडर मधले 9 दिवस. ऑक्टोबरच्या मध्यात पहिला रायफल सीझन, फक्त 5 दिवसांचा आणि फक्त ड्रॉचा, त्यामुळे गर्दी कमी आणि जनावर अजून फार दचकलेलं नसतं. दुसरा नि तिसरा रायफल सीझन जास्त लांब असतो आणि बर्‍याच युनिटमध्ये बुलचं म्हणजे नराचं लायसन्स त्या दोन सीझनना ड्रॉशिवाय मिळतं, त्यामुळे गर्दी पण तशीच. चौथा नोव्हेंबरच्या शेवटाकडे, थंडी, बर्फ, पण बर्फ चांगला पडला की एल्क वरून खाली उतरतात आणि शोधणं सोपं होतं.

आता मोठी शिंगं हवीत, की शांत जंगलात 5 दिवस हवेत, की फ्रीझर भरायचाय? फ्रीझर भरायचा असेल तर पॉइंट लावूच नका, मादीचं म्हणजे काऊचं लायसन्स कित्येक युनिटला शून्य पॉइंटवर लागतं आणि एका काऊचं हाडं काढलेलं मटण दोन माणसांच्या घराला वर्षभर पुरतं. शांतता हवी असेल तर 2 ते 6 पॉइंटवाली युनिट बघा, माझ्या मते सगळ्यात जास्त समाधान तिथे आहे. भिंतीवर लावायची शिंगं हवी असतील तरच ती मोठी नावं, 2, 10, 201, 40, 61, 76 वगैरे. तिथे एल्क म्हातारे होऊ देतात म्हणून शिंगं मोठी होतात, आणि म्हणूनच रांग कित्येक वर्षांची.

मग वय आणि शरीर

हे कोणी कागदावर लिहीत नाही, लिहायला पाहिजे. एल्क 8,000 ते 11,000 फुटांवर असतो. मारल्यावर ते जनावर तुकडे करून पाठीवर आणायचं असतं, एकेक मागची तंगडी 25-30 किलोची, आणि खाण्याजोगं मांस जंगलात सोडून येणं कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे दोघं असलात तरी तीन-चार खेपा. आज तुम्ही 44 चे असाल आणि हिशोब म्हणतोय 14 वर्षं थांबा, तर ती शिकार 58 व्या वर्षाची आहे. काहींना जमते, माझ्या ओळखीत 67 वर्षांचे एक काका अजून घोड्यावरून जातात, पण ते दरवर्षी जातात म्हणून जमतं. 14 वर्षं नुसते पॉइंट जमवून एकदम पहिली एल्क हंट त्या दुर्मिळ युनिटमध्ये करणारा माणूस तिथे जाऊन शिकत बसतो आणि 14 वर्षांची ठेव 5 दिवसांत संपते. त्यामुळे मोठं युनिट डोळ्यांसमोर असलं तरी मधल्या वर्षांत जंगलात जात रहा, कसं ते खाली सांगतो.

आता आकडेमोड

कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर दरवर्षीचे ड्रॉचे रिपोर्ट फुकट मिळतात. त्यात प्रत्येक हंट कोडसमोर (युनिट, सीझन नि हत्यार मिळून एक कोड) किती लायसन्सं होती, किती पॉइंटवाल्यांनी मागितलं, किती जणांना लागलं, शेवटचा माणूस किती पॉइंटवर लागला, हे सगळं असतं. रहिवासी आणि बाहेरच्या राज्यातले यांची रांग वेगळी असते, आपल्या रांगेचाच तक्ता बघा. गेल्या किमान 5 वर्षांचे काढा.

पहिला हिशोब फरकाचा. समजा तुमचे 8 पॉइंट आहेत, युनिट 5 वर्षांपूर्वी 10 ला लागत होतं आणि आता 12 ला. म्हणजे दरवर्षी 0.4 ने सरकतंय, तुम्ही दरवर्षी 1 ने. फरक 4 चा आणि तो दरवर्षी 0.6 ने कमी होतोय, 4 भागिले 0.6, साधारण 7 वर्षं. थांबण्यासारखं असेल तर थांबा. पण तेच युनिट 5 वर्षांपूर्वी 7 ला आणि आता 12 ला असेल तर ते दरवर्षी 1 ने सरकतंय, म्हणजे तुमचा फरक कधीच भरून निघणार नाही, तो नाद आजच सोडा.

दुसरा हिशोब माणसांचा, हा मला जास्त खरा वाटतो. तुमच्या पुढे किती डोकी आहेत ते मोजा. समजा तुमच्या रांगेला दरवर्षी 30 लायसन्सं मिळतात आणि तुमच्यापेक्षा जास्त पॉइंट घेऊन तो कोड मागणारे 210 जण आहेत, तर 7 वर्षं. या रांगेत कोणी नवीन माणूस मागून येऊन तुमच्या पुढे घुसू शकत नाही. पण एक धोका आहे. जे लोक दरवर्षी नुसता पॉइंटचा कोड टाकून गप्प बसलेत, ते त्या युनिटच्या तक्त्यात दिसत नाहीत, आणि त्यांना कधी वाटलं तर ते थेट तुमच्या पुढे येऊन उभे राहतात. म्हणून पॉइंट कोडचा तक्ता पण उघडा, तुमच्यापेक्षा जास्त पॉइंटवाले तिथे किती झोपलेत ते बघा. मोठ्या युनिटांसाठी हा आकडा बघूनच माझी झोप उडाली होती.

फार मागणी असलेल्या काही कोडना हायब्रिड ड्रॉ आहे, तिथे 20 टक्क्यांपर्यंत लायसन्सं रँडम काढतात आणि त्यात यायला निदान 5 पॉइंट लागतात. म्हणजे 6 पॉइंटवाल्याला पण स्वप्नातलं युनिट लागू शकतं, पण त्या भरवशावर 10 वर्षांचं नियोजन करू नका.

आकडा जुळला तरी कोड नीट वाचा. काही कोड फक्त खाजगी जमिनीचे असतात, रँचवाल्याशी ओळख नसेल तर ते लायसन्स हातात घेऊन तुम्ही रस्त्यावर उभे रहाल. नकाशात बीएलएम आणि नॅशनल फॉरेस्टची म्हणजे केंद्र सरकारची, सगळ्यांना खुली जमीन किती आहे, तिथे पोचायला सार्वजनिक रस्ता आहे का, हे ऑनएक्ससारख्या नकाशाच्या अॅपवर बघूनच युनिट पक्कं करा. आणि रहिवासी असाल तर रँचिंग फॉर वाइल्डलाइफ विसरू नका, मोठ्या खाजगी रँचवर सामान्य लोकांना ड्रॉने शिकार करू देतात, हे फक्त कोलोरॅडोच्या रहिवाशांना आहे आणि मधल्या पॉइंटवाल्यांसाठी फार चांगली गोष्ट आहे.

पॉइंट न मोडता शिकार

ड्रॉच्या फॉर्मवर 4 चॉइस असतात. पॉइंट फक्त पहिल्या चॉइसला मोडतात. म्हणजे पहिल्याला पॉइंटचा कोड टाका, दुसर्‍याला एखादं असं लायसन्स टाका जे दुसर्‍या चॉइसवर पण उरतं, तर पॉइंट पण वाढला आणि शिकार पण झाली. कुठली लायसन्सं दुसर्‍या चॉइसपर्यंत उरतात ते त्याच रिपोर्टमध्ये दिसतं. त्यानंतर जूनमध्ये सेकंडरी ड्रॉ असतो, त्यात पॉइंट वापरलेच जात नाहीत. आणि ऑगस्टमध्ये उरलेल्या लायसन्सांची यादी. वायव्य कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्सच्या डोंगराळ भागात, जिथे राज्यातला सगळ्यात मोठा कळप फिरतो, तिथे पॉइंट नसताना पण माणूस दरवर्षी जाऊ शकतो, गर्दी सोसायची तयारी पाहिजे एवढंच. फक्त हे दुसर्‍या चॉइसचं वगैरे सगळं खात्याच्या त्या-त्या वर्षीच्या नियमांच्या ब्रोशरमध्ये ताडून बघा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर फॉर्म भरू नका.

ग्रुपने जायचं असेल तर

कोलोरॅडोत ग्रुप अर्ज केला की ग्रुपमधल्या सगळ्यात कमी पॉइंटवाल्याचे पॉइंट सगळ्यांना धरतात. माझे 9, मित्राचे 3, तर आम्ही दोघं 3 वर. लागलं की माझे 9 गेले. आम्ही एका वर्षी हे न वाचता फॉर्म भरला होता, नशिबाने ते लायसन्स लागलं नाही म्हणून माझे पॉइंट वाचले. ज्याचे जास्त आहेत त्याने एकट्याने लावावं आणि बाकीच्यांनी मदतीला, तंबूला, मटण उचलायला सोबत जावं, हा माझा सल्ला आहे, असं जायला त्यांना लायसन्स लागत नाही. वायोमिंगमध्ये मात्र ग्रुपची सरासरी काढतात, तिथे 8 वाला 2 वाल्याला आपल्याबरोबर 5 वर नेऊ शकतो.

बाकीची राज्यं, थोडक्यात

वायोमिंगमध्ये एल्कचे पॉइंट फक्त बाहेरच्या लोकांना असतात. त्यांच्या कोट्यातली 75 टक्के लायसन्सं पॉइंटवर आणि 25 टक्के रँडम, म्हणून तिथे शून्यावर पण अर्ज करण्यात अर्थ आहे. अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच संपतो, लोक कोलोरॅडोच्या एप्रिलवर राहतात आणि तो चुकतो. सलग 2 वर्षं काहीच केलं नाही तर पॉइंट जातात. आणि घोषित वाइल्डरनेसमध्ये (रस्ते नि गाड्या नसलेलं राखीव जंगल) बाहेरच्या माणसाला गाईडशिवाय किंवा तिथल्या रहिवाशाच्या सोबतीशिवाय शिकार करता येत नाही, म्हणजे युनिट निवडताना नकाशातला वाइल्डरनेसचा भाग वजाच धरा.

अॅरिझोना नि युटामध्ये बोनस पॉइंट असतात, तिथे पॉइंट म्हणजे चिठ्ठीच्या टोपलीतल्या जास्त चिठ्ठ्या, शिवाय काही लायसन्सं सगळ्यात जास्त पॉइंटवाल्यांना राखीव. तिथे "आता मोडू का नंतर" हा प्रश्न कोलोरॅडोसारखा येत नाही, दरवर्षी मनापासून हव्या त्या हंटला अर्ज करत रहायचं. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत एल्कला पॉइंटच नाहीत, सगळे सारखे, म्हणून कोलोरॅडोचे पॉइंट शून्य झाले की पुढच्या वर्षी तिकडे नक्की बघा.

आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं

व्हिसावर असाल, म्हणजे एच-1बी वगैरे, तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला तुम्हाला मुळात मनाई आहे, पण अमेरिकेतल्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर त्यात सूट आहे. म्हणून लायसन्सची तारीख संपून बंदूक घरात रहाणं हा गंभीर विषय आहे, वकिलाला विचारूनच काय ते करा, किंवा सरळ धनुष्यबाण घ्या, त्याला ते कलम लागू नाही. हंटर एज्युकेशनचं कार्ड 1 जानेवारी 1949 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लागतं, ते नसेल तर अर्जच होत नाही, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात क्लास शोधायला जाऊ नका. आणि सलग 6 महिने कोलोरॅडोत राहिलात की रहिवाशाचं लायसन्स मिळतं, रहिवाशाला एल्क शे-सव्वाशेच्या आत पडतं आणि बाहेरच्याला 800 डॉलरच्या वर, त्यामुळे नुकतेच डेन्व्हरला आला असाल तर एक वर्ष थांबण्याला खरंच कारण आहे.

फॉर्म भरायच्या रात्री

एप्रिलचा पहिला मंगळवार, रात्री 8 ची डेडलाइन. मी आदल्या रविवारीच भरतो. आधी क्वालिफाइंग लायसन्स (ड्रॉत उतरायच्या आधी विकत घ्यावं लागणारं) घेतलंय का बघा, ते नसेल तर फॉर्म पुढे जात नाही. हंट कोडमधलं प्रत्येक अक्षर ब्रोशरशी ताडा, दुसरं अक्षर एम म्हणजे नर, एफ म्हणजे मादी, ई म्हणजे दोन्हीपैकी कुठलंही, मधले तीन आकडे युनिट, मग सीझन, शेवटचं अक्षर हत्यार. एका अक्षरात 9 वर्षांचे पॉइंट काऊच्या लायसन्सवर गेलेले मी पाहिलेत. ऑफिसातून सुट्टी नक्की मिळेल त्याच सीझनला लावा. फॉर्म गेल्यावर स्क्रीनशॉट.

माझे 9 मी शेवटी 5 पॉइंटच्या आसपास लागणार्‍या एका युनिटच्या पहिल्या रायफल सीझनला लावले. 4 पॉइंट "वाया" गेले असं दोघातिघांनी सांगितलं. तिसर्‍या दिवशी सकाळी दाट अॅस्पनच्या झाडीच्या कडेला एक 5 बाय 5 चा, म्हणजे दोन्ही शिंगांना पाच-पाच टोकं असलेला, बुल उभा होता, आम्ही रात्री 9 पर्यंत मटण उतरवत होतो, आणि पुढच्या एप्रिलला मी शून्यावरून परत पॉइंटचा कोड टाकला, दुसर्‍या चॉइसला काऊ.

निकाल मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला येतो. लागलं असेल तर पैसे भरायची तारीख लगेच कॅलेंडरवर टाका आणि जुलैतला एक शनिवार-रविवार त्या युनिटमध्ये घालवा, पाणी कुठे आहे, कुठला रस्ता गेटने बंद आहे, गाडी कुठपर्यंत जाते ते बघा. ऑगस्टमध्ये आगीच्या बातम्यांवर लक्ष ठेवा, 2025 ला वायव्य कोलोरॅडोतल्या मीकरजवळच्या ली फायर नावाच्या आगीत सव्वा लाख एकरांहून जास्त जंगल जळालं, आणि तिथलं लायसन्स हातात असलेल्यांना ऐन सीझनच्या तोंडावर दुसरी दरी शोधावी लागली. म्हणून युनिटमध्ये एकमेकांपासून लांब अशा निदान तीन जागा आधीच बघून ठेवा.